फ्रेडरिकची फ्रेंच पुस्तकं

इतिहासाच्या पुस्तकात प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक, म्हणजेच फ्रेडरिक द ग्रेट, नेहमी एकाच वेषात भेटतो. निळा कोट, तिकोनी टोपी, हातात काठी आणि समोर फूटपट्टीने आखल्यासारखी सैनिकांची रांग. जर्मन शिस्त, जर्मन कवायत, सगळं कसं अस्सल जर्मन. गंमत म्हणजे या माणसाला जर्मन धड लिहिता येत नसे. पत्रं, कविता, इतिहास, तत्त्वज्ञान आणि चक्क युद्धशास्त्रसुद्धा तो फ्रेंचमध्ये लिहायचा. व्होल्तेर त्याच्याकडे पॉट्सडॅमला राहायला गेला तेव्हा त्याने कळवलं होतं की इथे फ्रान्समध्येच असल्यासारखं वाटतं, जर्मन काय ते शिपायांसाठी आणि घोड्यांसाठी!

तर आजचा विषय हा. ज्या राजाच्या लढाया पुढे कित्येक पिढ्या युरोपातल्या अधिकाऱ्यांनी घोटून घोटून अभ्यासल्या, त्याच्या डोक्यात लढाईचे विचार आले कुठून? बरेचसे बाहेरून आले. फ्रान्समधून, स्वीडनमधून आणि फ्रेंच भाषांतरांच्या वाटेने ग्रीस-रोममधून. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी उचलायची आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये घालायची हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे या प्रश्नात मला जरा जास्तच रस आहे. फरक एवढाच की आमच्याकडे अशी उसनी आणलेली गोष्ट फसली तर फार तर रात्री दोन वाजता फोन वाजतो. फ्रेडरिकची फसली तेव्हा एका दिवसात चौदा हजार माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली.

सुरुवात घरापासून करू. फ्रेडरिकचे वडील, राजा फ्रेडरिक विल्यम पहिला, हे एक प्रकरणच होतं. काटकसरी, तापट, आणि उंच शिपाई गोळा करायचा भारी नाद. पोराने धर्म, हिशेब आणि कवायत शिकावी, लॅटिन वगैरे फालतूपणा नको, असा त्यांचा हुकूम होता. पण शिकवायला नेमलेला मास्तर होता द्युआँ, फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट घराण्यातला. त्याच्या मदतीने राजपुत्राने गुपचूप तीन हजारांहून जास्त पुस्तकं जमवली. १७३० मध्ये, अठरा वर्षांचा असताना, फ्रेडरिकने बापाच्या जाचाला कंटाळून पळून जायचा प्रयत्न केला आणि पकडला गेला. त्याचा मित्र काट याचा त्याच्या डोळ्यांदेखत ६ नोव्हेंबर १७३० ला शिरच्छेद झाला. आणि ती पुस्तकं? बापाने विकून टाकली.

पुढे बापलेकांत कामापुरता समेट झाला. १७३४ मध्ये ऱ्हाइन नदीवरच्या मोहिमेत फ्रेडरिकने ऑस्ट्रियाचा सेनापती यूजीन जवळून पाहिला. एके काळी तुर्कांना आणि फ्रेंचांना पाणी पाजणारा हा माणूस तेव्हा सत्तरीला टेकून थकला होता. १७३६ पासून मात्र ऱ्हाइन्सबर्गच्या वाड्यात फ्रेडरिकला चार वर्षं निवांत मिळाली. बासरी, नाटकं, व्होल्तेरशी पत्रव्यवहार आणि वाचन, वाचन, वाचन. सीझर, पॉलिबियस, वेजिशियस हे सगळे प्राचीन लेखक त्याने वाचले ते फ्रेंचमध्ये. ग्रीक येत नव्हतं, लॅटिन तर बापाच्या कृपेने राहूनच गेलेलं.

याच काळात त्याने 'अँटी-मॅकियाव्हेल' नावाचा ग्रंथ लिहिला. राजाने कपट करू नये, लोभापायी दुसऱ्याचा मुलूख बळकावू नये वगैरे वगैरे. व्होल्तेरने त्यावर हात फिरवून तो १७४० मध्ये हॉलंडात छापून घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रेडरिक गादीवर आला आणि डिसेंबरात त्याचं सैन्य ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात घुसलं. शाई पुरती वाळली तरी होती की नाही कोण जाणे. म्हणजे पुस्तकाने माणूस सुधारतो या भ्रमात कोणी असेल तर इथेच थांबलेलं बरं. पुस्तकं फ्रेडरिकच्या हेतूंना फारशी शिवली नाहीत. पण लढायचं कसं, याबद्दलच्या त्याच्या विचारांना ती नक्की शिवली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सायलेशियात जे सैन्य गेलं ते बापाने तयार केलेलं होतं. आणि बापाचं सैन्य पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते आलं होतं देसाऊचा लिओपोल्ड या जुन्या खोडाच्या कवायतीतून. त्याने एका तालात पावलं टाकत चालणं बसवलं. बंदूक ठासायचा लाकडी गज घाईगर्दीत मोडायचा, म्हणून लोखंडी गज आणला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळे प्रशियन शिपाई मिनिटाला तीन बार सहज काढू लागला. १० एप्रिल १७४१ ला मोल्विट्झला राजाची पहिली मोठी लढाई झाली. ऑस्ट्रियाच्या घोडदळाने प्रशियन घोडदळाची दाणादाण उडवली, आणि सेनापती श्वेरीनने राजाला आग्रह केला की तुम्ही इथून निघा. राजा निघाला. तो तिकडे दूर गेलेला असताना इकडे पायदळाने शांतपणे बारामागून बार काढत लढाई जिंकली. म्हणजे पहिला विजय मिळाला तो राजाच्या गैरहजेरीत, आणि तोही बापाच्या कवायतीने! वाचनवेड्या पोराला हे किती झोंबलं असेल याची कल्पना करा.

पण मूळ मुद्दा असा की त्या दिवशी प्रशियाला जिंकवलं ते बंदुकीच्या माऱ्याने. हे डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यावरून आहे.

फ्रेडरिकच्या लष्करी वाचनात दोन फ्रेंच लेखक ठळक होते. एक फ्यूकिएर. हा चौदाव्या लुईचा सरदार, १७११ मध्ये वारला. त्याच्या आठवणी मरणोत्तर छापल्या गेल्या. लढाई घ्यायची, कोणत्या सेनापतीने कुठे घोडचूक केली ते दाखवायचं, कोणाचीही भीडभाड ठेवायची नाही, असा त्याचा खाक्या. आमच्या भाषेत कोड रिव्ह्यू म्हणा ना. फ्रेडरिकला ही पद्धत पसंत पडली आणि तिचा फायदा त्याला जन्मभर झाला.

दुसरा शव्हालिए द फोलार, आणि हे पात्र भलतंच मजेदार. १६६९ मध्ये आव्हिन्योंला जन्मलेला, शिपाईगिरीत मुरलेला, डोक्याने थोडा भडक. स्वीडनचा राजा चार्ल्स बारावा याच्या पदरी राहण्यासाठी हा स्वीडनलाही जाऊन आला. १७२७ ते १७३० या काळात त्याने ग्रीक इतिहासकार पॉलिबियसवरची सहा जाडजूड खंडांची टीका छापली. भाषांतर केलं होतं त्युइलिए नावाच्या एका धर्मगुरूने. आता गंमत पाहा. त्युइलिएला ग्रीक येत होतं पण युद्धातलं काही कळत नव्हतं. फोलारला युद्ध कळत होतं पण ग्रीक येत नव्हतं. आणि या दोघांच्या मिळून झालेल्या ग्रंथातून ग्रीकांची रणनीती शिकत होता फ्रेडरिक. दिल्लीचा निरोप तीन तोंडांतून गल्लीत पोचावा, तसला प्रकार.

फोलारचं म्हणणं थोडक्यात असं. बंदुका आल्यापासून पायदळ लांबलचक, पातळ रांगांत उभं राहतं आणि एकमेकांवर बार टाकत बसतं. यात दम नाही. पायदळाचा दाट, खोल स्तंभ करा आणि संगिनी रोखून शत्रूच्या रांगेवर आदळा. मारा नव्हे, धक्का! गोळीबार म्हणजे नुसता धूर आणि आवाज.

यात तो एकटा नव्हता. जर्मनीत जन्मलेला पण फ्रान्सचा मार्शल झालेला मॉरिस द साक्स याने १७३२ मध्ये आजारपणात तेरा रात्रींत एक पुस्तक लिहून काढलं. त्यात बेलग्रेडच्या १७१७ च्या लढाईतला किस्सा आहे. दोन पलटणींनी तुर्कांवर तीस पावलांवरून एकदम फैर झाडली, आणि तरी तुर्कांनी येऊन त्यांना कापून काढलं. साक्सने मागाहून मेलेले तुर्क मोजले तर ते भरले बत्तीस. बंदुकीवरचा त्याचा विश्वास उडाला तो तिथे. १७४९ च्या जुलैत हा साक्स पॉट्सडॅमला फ्रेडरिकचा पाहुणा म्हणून येऊन गेला. दोघांनी युद्धावर भरपूर गप्पा मारल्या. त्यात भर म्हणून चार्ल्स बाराव्याच्या स्वीडिश पायदळाची कीर्ती होतीच. अंगावर धावून जाणारं, बाराची फारशी पर्वा न करणारं सैन्य. चार्ल्सचं चरित्र व्होल्तेरने १७३१ मध्ये लिहिलेलं, त्यामुळे तेही घरातलंच.

म्हणजे विचार तीन दिशांनी येत होता आणि तिन्हीकडून एकच सांगत होता. फ्रेडरिकने फोलारचा स्तंभ उचलला नाही, रांग रांगच ठेवली. पण त्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व मात्र त्याच्या मनात हळूहळू रुजलं. १७४८ मध्ये त्याने आपल्या सेनापतींसाठी युद्धाची सर्वसाधारण तत्त्वं लिहून काढली. त्यात सूर असा की शत्रू हरतो तो माणसं मेल्याने नव्हे तर धीर सुटल्याने. तेव्हा न थांबता, ठाम पावलं टाकत पुढे चला, तो आपोआप पळेल. पायदळाला शिकवण दिली जाऊ लागली की बंदूक खांद्यावर ठेवून चालत जा, बार काढण्यात वेळ घालवू नका.

कवायतीच्या मैदानावर हे अप्रतिम दिसत असणार. मैदानावर समोरून कोणी खरी गोळी झाडत नाही ना.

सप्तवार्षिक युद्ध १७५६ मध्ये सुरू झालं. (याच युद्धाचा एक फाटा आपल्याकडे १७६० मध्ये वांदिवाशला लढला गेला आणि तिथे फ्रेंचांचा बुसी इंग्रजांच्या हाती सापडला.) ६ मे १७५७ ला प्रागच्या बाहेर साठ-साठ हजारांच्या दोन फौजा समोरासमोर आल्या. प्रशियन पायदळाच्या पहिल्या पलटणी शिकवल्याप्रमाणे बंदुका खांद्यावर घेऊन, बार न काढता, ऑस्ट्रियाच्या तोफांवर चालून गेल्या. तोफांनी त्यांच्या चिंधड्या उडवल्या. पलटणी फुटल्या आणि मागे वळल्या. तेव्हा बहात्तर वर्षांचा श्वेरीन, ज्याने मोल्विट्झला राजाला घालवून देऊन लढाई जिंकली होती तोच, हातात निशाण घेऊन पुढे झाला आणि तोफेच्या छऱ्यांनी जागच्या जागी कोसळला. संध्याकाळपर्यंत प्रशियाने ही लढाई जिंकली, कारण ऑस्ट्रियाच्या फळीत एक फट पडली आणि ती हेरून प्रशियन अधिकारी आत घुसले. पण मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून चौदा हजारांच्या वर माणसं गेली.

आणि सहा आठवड्यांत, १८ जूनला, कोलिनला तो सपशेल हरला. पुन्हा तेरा-चौदा हजार. बापाने तीस वर्षं घासून घडवलेलं ते पायदळ दोन लढायांत अर्धमेलं झालं.

इथे मला फ्रेडरिक खऱ्या अर्थाने इंटरेस्टिंग वाटायला लागतो. असा प्रसंग आला की राजे सहसा काय करतात? दोष कोणावर तरी ढकलतात. फ्रेडरिकनेही ते केलं, कोलिनचं खापर त्याने हाताखालच्या लोकांवर फोडलंच. पण त्याबरोबर त्याने दुसरीही गोष्ट केली. त्याने आपलं तत्त्व बदललं. पायदळाचा मारा पुन्हा चालू झाला. तोफा वाढवल्या. १७५९ मध्ये घोड्यांवरून चपळाईने हलणाऱ्या तोफखान्याची तुकडी उभी केली. आणि डिसेंबर १७५८ मध्ये त्याने हे कागदावर मांडलं. शत्रूपेक्षा आपला मारा वरचढ केल्याशिवाय त्याच्यावर चालून जाणं म्हणजे हत्यारबंद माणसांशी काठ्या घेऊन भांडणं आहे, असा त्याचा आशय. दहा वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेल्या तत्त्वाला स्वतःच्याच हाताने दिलेला हा छेद.

आमच्याकडे मोठं काही कोसळलं की 'पोस्टमॉर्टेम' नावाचं कागदपत्र लिहितात. काय झालं, का झालं, पुढे काय बदलायचं. हा शब्द किती सहज वापरतो आपण! फ्रेडरिकचं कागदपत्र मात्र शब्दशः तसंच होतं.

उसन्या विचाराची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. वेजिशियस या रोमन लेखकाने लढाईच्या सात रचना सांगितल्या आहेत. त्यांतली एक तिरकी. आपली एक बाजू पुढे काढायची, तिच्यात जोर भरायचा, दुसरी मागे राखायची. थीब्जच्या एपामिनोंडसने इसवी सनापूर्वी ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला असंच काहीसं करून स्पार्टाला लोळवलं होतं. फ्रेडरिकने हे पुस्तकातून घेतलं की स्वतःच्या डोक्यातून काढलं यावर विद्वानांची भांडणं आहेत. माझ्या मते ज्याने ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली होती त्याला ती कल्पना ठाऊक नव्हती असं म्हणणं अवघड आहे. पण महत्त्वाचं हे की त्याने ती कल्पना वर्षानुवर्षं मैदानावर तपासली, मोडली, पुन्हा जोडली. कोलिनला ती फसली. बगलेकडे जाता जाता वाटेतल्या पलटणी शत्रूच्या माऱ्याने चिडून मध्येच वळल्या आणि सगळा डाव विस्कटला.

५ डिसेंबर १७५७ ला, लॉइथेनला, ती जमली. प्रशियन सुमारे पस्तीस हजार, ऑस्ट्रियन जवळजवळ दुप्पट. टेकाडांच्या आड चालत जाऊन फ्रेडरिकने सगळी फौज शत्रूच्या डाव्या बगलेवर आणली. पलटणी एकमेकींच्या मागे पन्नास-पन्नास पावलांचं अंतर ठेवून, पायऱ्यांसारख्या, आदळत गेल्या. आणि या वेळी बंदुका खांद्यावर नव्हत्या, बार काढत गेल्या, सोबत जड तोफा होत्या. ऑस्ट्रियाचे बावीस हजारांच्या आसपास लोक गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त कैदी. आता या विजयात वेजिशियस किती? थोडाच. ब्रेस्लाऊजवळचा तो मुलूख प्रशियन सैन्याच्या शांतताकाळातल्या कवायतींचा होता. कोणतं टेकाड कुठे आणि त्याच्या आड किती माणसं लपतात हे अधिकाऱ्यांना पाठ होतं. कल्पना रोमची, भाषा फ्रेंच, पाय मात्र ओळखीच्या मातीवर.

आणि त्याच्याच महिनाभर आधी, ५ नोव्हेंबरला, रॉसबाखला एक उलटा प्रकार घडला होता. फ्रेंच पायदळाच्या पुढच्या पलटणी फोलारच्या शिकवणीला साजेसा दाट स्तंभ करून, संगिनी रोखून प्रशियनांवर धावल्या. प्रशियन रांगेने त्यांना जवळ येऊ दिलं आणि बार काढले. स्तंभ जागच्या जागी विरघळला. फ्रेंच आणि त्यांच्या साथीदारांचं सुमारे दहा हजारांचं नुकसान, प्रशियाचं साडेपाचशेच्या आसपास. फोलारचा विचार प्रागला प्रशियनांना भोवला होता, सहा महिन्यांनी तो फ्रेंचांना भोवला.

मग फ्रेडरिकने फोलार फेकून दिला का? नाही. त्याने १७५३ मध्येच त्या सहा खंडांतलं निवडक काढून एक छोटा सारांश बनवून घेतला होता आणि त्याला स्वतः प्रस्तावना लिहिली होती. तिचा सूर असा की या माणसाने उकिरड्यात हिरे पुरून ठेवलेत, आम्ही उकिरडा बाजूला केलाय. तो सारांश पुढे युद्ध चालू असताना छापूनही निघाला. आता हिरा कोणता आणि उकिरडा कोणता हे ठरवायचं कोणी, हा प्रश्न उरतोच. १७५३ मध्ये त्याला जो हिरा वाटला असेल त्यातला एक १७५७ मध्ये काचेचा निघाला.

याच काळात एक भारी माणूस त्याच्या छावणीत आला. कार्ल गिशार्द. माग्डेबुर्गमधल्या फ्रेंच निर्वासित घराण्यातला, शिकला होता धर्मशास्त्र, नोकरी केली डच सैन्यात. त्याला ग्रीकही येत होतं आणि युद्धही! १७५८ मध्ये त्याने ग्रीक-रोमन युद्धकलेवर एक पुस्तक काढलं आणि फोलारने पॉलिबियस कुठे कुठे चुकीचा वाचलाय ते उघड केलं. फ्रेडरिकने काय करावं? आपल्या लाडक्या लेखकाची चिरफाड करणाऱ्याला त्याने बोलावून घेतलं आणि जवळ ठेवलं. एकदा एका रोमन शतकाधिपतीच्या नावावरून दोघांत वाद झाला. राजा म्हणाला ते क्विंटस इसिलियस, गिशार्द म्हणाला नाही, वेगळं आहे. गिशार्दचं बरोबर निघालं. तेव्हा राजाने फर्मान काढलं की आजपासून तुझंच नाव क्विंटस इसिलियस! आणि सैन्याच्या दफ्तरात त्याची तशी नोंदही झाली. चूक दाखवणाऱ्याला चुकीचंच नाव चिकटवायचं, हा राजेशाही विनोद. मात्र त्याला हाकललं नाही, उलट एक पलटण दिली.

१२ ऑगस्ट १७५९ ला कुनर्सडॉर्फला फ्रेडरिकचा आयुष्यातला सर्वात मोठा पराभव झाला. पन्नास हजारांतले सुमारे एकोणीस हजार गेले. सकाळी अर्धी लढाई जिंकलेली होती, पण हा थांबला नाही, पुढे पुढे रेटत राहिला. त्या शरद ऋतूत तो संधिवाताने आडवा झाला, इतका की पालखीसारखं उचलून न्यावं लागे. आणि त्या अवस्थेत त्याने काय लिहिलं? स्वीडनच्या चार्ल्स बाराव्याच्या लष्करी गुणांवर एक निबंध. चार्ल्स शूर खरा, पण कुठे थांबावं हे त्याला कळलं नाही, रसदीची सोय नसताना रशियात खोल घुसला आणि १७०९ मध्ये पोल्टाव्हाला सगळं गमावून बसला, अशी ती चिकित्सा. लहानपणापासूनच्या नायकाला उलटं टांगून पाहत होता तो. आपल्याविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही, पण ज्या आठवड्यांत ते लिहिलंय ते पाहिलं की कोणाविषयी आहे हे कळायला वेळ लागत नाही.

एक किस्सा राहिलाच. १७४८ चं ते तत्त्वांचं टिपण अतिगुप्त होतं. मोजक्याच प्रती, मोजक्याच सेनापतींना, मोहिमेवर न्यायची सक्त मनाई. १७६० च्या फेब्रुवारीत एक सेनापती ऑस्ट्रियनांच्या हाती सापडला आणि त्याच्या सामानात निघाली ती प्रत! मग ती छापली गेली आणि अनेक भाषांत पसरली. सोर्स कोड लीक झालं म्हणा हवं तर. पण त्याने ऑस्ट्रियाचा फार फायदा झालेला दिसत नाही. कारण साधं आहे. कागदावर होतं ते १७४८ चं व्हर्जन. त्यानंतरच्या दुरुस्त्या प्राग, कोलिन आणि कुनर्सडॉर्फमध्ये झाल्या होत्या, आणि त्या फ्रेडरिकच्या डोक्यात होत्या.

युद्ध १७६३ मध्ये संपलं. सायलेशिया प्रशियाकडेच राहिला. आपले एक लाख ऐंशी हजार सैनिक गेले, असा खुद्द फ्रेडरिकचा अंदाज होता. त्यांच्यातल्या बहुतेकांना फोलार कोण हे ठाऊक नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणात अस्वस्थ करणारी गोष्ट ती आहे. 'राजा चुकांतून शिकला' हे वाक्य किती छान वाटतं. पण चूक त्याची, शिकणं त्याचं, आणि फी भरली खांद्यावर बंदूक घेऊन चाललेल्या पोमेरेनियातल्या शेतकऱ्याच्या पोराने. तरीही, न शिकणाऱ्या राजापेक्षा शिकणारा बरा हेही खरंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

कारण न शिकण्याचा नमुनाही याच गोष्टीत आहे. म्हातारपणी फ्रेडरिकचंच सैन्य ताठर होत गेलं. १७८६ मध्ये तो गेला आणि त्याने केलेलं सगळं सोवळ्यात ठेवलं गेलं. फ्रान्समध्ये मात्र गिबेरसारखे लोक फ्रेडरिकचा बारकाईने अभ्यास करत होते, आणि नंतर क्रांती झाली, नेपोलियन आला. १४ ऑक्टोबर १८०६ ला येनाजवळच्या एका खेड्यासमोर प्रशियन पायदळ उघड्या मैदानात सुरेख रांग करून सुमारे दोन तास उभं राहिलं, आणि भिंतींच्या, झुडपांच्या आडून फ्रेंच त्यांना टिपत राहिले. रांग अगदी फ्रेडरिकच्या पद्धतीची होती. फ्रेडरिक नव्हता.

त्याच दिवशी जवळच आउअरस्टेटला मोलेनडॉर्फ नावाचा ब्याऐंशी वर्षांचा फील्डमार्शल जखमी झाला आणि लवकरच फ्रेंचांच्या कैदेत गेला. हा तोच मोलेनडॉर्फ, ज्याने तरुण कॅप्टन असताना लॉइथेनच्या चर्चवरच्या हल्ल्यात पुढाकार घेतला होता. अनुभव म्हणावा तर एकोणपन्नास वर्षांचा. फ्रेडरिकचा एक खवचट टोमणा होता की यूजीनच्या हाताखाली कितीही मोहिमा केलेलं खेचर शेवटी खेचरच राहतं, काही चांगला सेनापती होत नाही. नुसतं हजर असणं म्हणजे अनुभव नव्हे, त्यावर विचार करावा लागतो. मोलेनडॉर्फ खेचर नव्हता, शूर माणूस होता. पण फ्रेडरिकच्या सैन्याने राजाची उत्तरं जपली आणि तो ज्या सवयीने उत्तरं बदलायचा ती सवय सोडून दिली.

असो, फारच लांबलं. पॉट्सडॅमच्या सॉंसुसी महालात फ्रेडरिकची लायब्ररी अजून आहे. सीडर लाकडाने मढवलेली छोटी गोल खोली आणि सुमारे दोन हजार पुस्तकं, जवळजवळ सगळी फ्रेंच. तीच पुस्तकं त्याने आपल्या इतर राजवाड्यांतही ठेवली होती, म्हणजे कुठेही गेलं तरी वाचन अडायला नको. कुठली प्रत कुठल्या वाड्यातली ते कळावं म्हणून पुठ्ठ्यावर अक्षर छापलेलं असे. कधी तिकडे जाणं झालं तर दारातून डोकावून बघा. नेहमीच्या चित्रातल्या त्या काठीपेक्षा ही खोली त्या माणसाबद्दल जास्त सांगते.